इव्हेंट तर आलाय ना?

मागच्या महिन्यातली गोष्ट. शुक्रवारची संध्याकाळ. (सगळी लफडी शुक्रवारी संध्याकाळीच का उपटतात, यावर कधीतरी वेगळी पोस्ट लिहायची आहे.) हापिसातून निघता निघता एक मेल येऊन पडली.

आधी थोडी पार्श्वभूमी. आमच्या एका परदेशी क्लायंटचं इथेरियमवर एक स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट आहे. बाहेरून काम करणाऱ्या लोकांना महिन्याचे पैसे वाटणं हे त्याचं एकमेव काम. यादी घ्यायची, एकेकाला ठरलेलं इथर पाठवायचं, संपला विषय. हे कॉन्ट्रॅक्ट आम्ही लिहिलेलं नाही, पण सांभाळतो आम्ही. (म्हणजे शिव्या आम्हालाच!) मेल होती त्या यादीतल्या एका भाषांतरकार बाईंची. दोन महिने पैसे मिळाले नाहीत, पहिल्या महिन्यात वाटलं उशीर झाला असेल, आता घरभाडं थकलंय, जरा बघाल का? अगदी सभ्य मेल. सभ्य मेल आली की मला जास्त भीती वाटते.

आमच्या टीममधल्या पोराने डॅशबोर्ड उघडला. बाईंच्या नावापुढे दोन्ही महिन्यांच्या हिरव्या खुणा. "पैसे दिलेत." म्हटलं, हा डॅशबोर्ड कशाच्या जोरावर बोलतोय? तर म्हणे कॉन्ट्रॅक्टच्या इव्हेंटवरून. मग ब्लॉक एक्सप्लोरर उघडला. ट्रॅन्झॅक्शन यशस्वी. 'पैसे दिले' असा इव्हेंट हजर. पत्ता बरोबर, रक्कम बरोबर.

"अरे, इव्हेंट तर आलाय ना? मग त्यांच्याच वॉलेटमध्ये काहीतरी घोळ असणार."

हे वाक्य मी गेल्या काही वर्षांत इतक्यांदा ऐकलंय की त्यावर आता डोकंच फिरतं. म्हणून आजचा शनिवार या वाक्याच्या नावाने.

झालं काय होतं?

बाईंनी दोन महिन्यांपूर्वी वॉलेट बदललं होतं. नवं वॉलेट म्हणजे स्वतःच एक छोटं कॉन्ट्रॅक्ट. पैसे आले की ते दोन-चार कामं करतं. आमच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये पैसे पाठवायला सॉलिडिटीतलं 'सेंड' वापरलं होतं. सेंड समोरच्याला फक्त २३०० गॅस देतं. एवढ्यात साधं खातं पैसे घेऊ शकतं, पण बाईंच्या वॉलेटचं काम तेवढ्यात होत नव्हतं. आणि सेंडची खासियत अशी की ते फसलं तर आरडाओरडा करत नाही, ट्रॅन्झॅक्शन मागे फिरवत नाही, फक्त हळूच 'फॉल्स' असं उत्तर देतं. ते उत्तर कुणी बघतच नव्हतं. पुढची ओळ होती 'पैसे दिले' हा इव्हेंट एमिट करण्याची. ती इमानेइतबारे चालत होती.

पैसे कुठेच गेले नव्हते. दोन महिने त्या कॉन्ट्रॅक्टमध्येच पडून होते. सॉलिडिटीचा कंपायलर अशा जागी चक्क वॉर्निंग देतो, की सेंड फसलं तर काय, हे तुम्ही बघत नाही आहात. ती वॉर्निंग बिल्डच्या शेकडो ओळींत वाहून गेली.

लहानपणी आमच्या घरून गावी आजीला मनीऑर्डर जायची. काही दिवसांनी आजीच्या अंगठ्याची पोचपावती परत यायची. ती आली की आई निश्चिंत. आता कल्पना करा की पोस्टमनने दार वाजवलं, कुणी उघडलं नाही, आणि त्याने स्वतःचाच अंगठा उठवून पावती परत पाठवली. पैसे त्याने खाल्ले नाहीत हो, पिशवीतच आहेत! पण पावती पोचली. आमचं कॉन्ट्रॅक्ट हा असला पोस्टमन होता.

ही चूक जुनी आहे

आणि हीच गोष्ट मला जास्त लागते. फेब्रुवारी २०१६ मध्ये, म्हणजे इथेरियम सुरू होऊन सहा-सात महिने झाले असताना, 'किंग ऑफ द इथर थ्रोन' नावाचा एक खेळ होता. आधीच्या राजापेक्षा जास्त इथर भरा आणि राजा व्हा. पदच्युत राजाला नव्या राजाच्या पैशातून भरपाई. काही राजांची वॉलेट्स कॉन्ट्रॅक्ट स्वरूपाची होती. सेंड फसलं, उत्तर कुणी तपासलं नाही, राज्यही गेलं आणि भरपाईही मिळाली नाही. पैसे खेळाच्या कॉन्ट्रॅक्टमध्येच राहिले. बनवणाऱ्यांनी काय चुकलं ते मोकळेपणाने लिहून ठेवलं.

त्या काळातल्या लोकांना मी दोष देत नाही. त्यांच्या हातात हत्यारंच नव्हती. तेव्हा सॉलिडिटीत 'थ्रो' नावाचा एकच सोटा होता. थ्रो केलं की सगळं काम रद्द, वर उरलेला सगळा गॅस जळून खाक, आणि कारण? कारणबिरण काही नाही. त्याहून गंमत म्हणजे ऑक्टोबर २०१७ च्या बायझँटियम अपग्रेडपर्यंत ट्रॅन्झॅक्शनच्या रिसीटमध्ये ते यशस्वी झालं की फसलं हे सांगणारा रकानाच नव्हता! तो त्या अपग्रेडमध्ये आला. उरलेला गॅस परत देऊन आणि सोबत काही माहिती पाठवून मागे फिरणारा 'रिव्हर्ट'ही तेव्हाच आला. एप्रिल २०१८ मध्ये सॉलिडिटीने रिव्हर्टसोबत कारणाचं वाक्य द्यायची सोय केली. डिसेंबर २०१९ मध्ये ट्राय-कॅच आलं. डिसेंबर २०२० मध्ये ०.८ आवृत्तीपासून आकडे ओसंडले की कॉन्ट्रॅक्ट आपोआप थांबायला लागलं. आणि एप्रिल २०२१ मध्ये कस्टम एरर आल्या, म्हणजे चुकीला नाव द्यायचं आणि सोबत आकडे द्यायचे.

ते ओसंडणं थांबण्याला केवढी किंमत आहे ते ब्युटी चेनच्या लोकांना विचारा. एप्रिल २०१८ मध्ये त्यांच्या टोकनच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये एका ओळीत साधा गुणाकार होता. बाकी सगळीकडे तपासून गणित, आणि नेमकी ही ओळ सुटलेली. कुणीतरी दोनचा २५५ वा घात ही रक्कम दोन जणांना पाठवायला सांगितली. गुणाकार ओसंडून शून्य झाला. शून्य शिल्लक कुणाकडेही असते, त्यामुळे तपासणी पास! दोन पत्त्यांवर अगडबंब रकमेचं टोकन जमा. आणि हो, 'ट्रान्स्फर'चे इव्हेंटही आले. इव्हेंट तर येणारच, त्याचं काय जातंय?

मुद्दा असा की आज आपल्याकडे सगळी हत्यारं आहेत. तरी २०१६ ची चूक जशीच्या तशी माझ्या डॅशबोर्डवर हिरवी खूण होऊन बसते. कारण आपण एरर आणि इव्हेंट या दोन्हीला शोभेच्या वस्तू समजतो. काम झालं की वरून भुरभुरायची कोथिंबीर!

माझं म्हणणं उलट आहे. कॉन्ट्रॅक्टला तोंडं दोनच. 'हे मी केलं' असं सांगणारा इव्हेंट, आणि 'हे मी करणार नाही, कारण अमुक' असं सांगणारी एरर. कॉन्ट्रॅक्ट एकदा चढवलं की तिथे डिबगर लावता येत नाही आणि सर्व्हरवर घुसून लॉग चाळता येत नाही. ही दोन तोंडं जे बोलतील तेच जगाला कळतं. त्यातलं एक मुकं आणि दुसरं खोटारडं असेल, तर आतला हुशार कोड घेऊन काय करायचंय?

गॅस वाचवणारे वीर

आता नेहमीचं उत्तर येईल: "गॅस लागतो!" या मंडळींचा मला विशेष राग आहे, कारण ते हिशोबाच्या नावाखाली हिशोबच करत नाहीत.

करूया हिशोब. एका लॉगला मूळ ३७५ गॅस, प्रत्येक टॉपिकला ३७५, आणि माहितीच्या प्रत्येक बाइटला ८. टोकनच्या नेहमीच्या ट्रान्स्फर इव्हेंटला तीन टॉपिक आणि ३२ बाइट लागतात. म्हणजे ३७५ + ११२५ + २५६ = १७५६. कुठलंही ट्रॅन्झॅक्शन नुसतं दारात उभं राहिलं तरी २१००० गॅस जातो. स्टोरेजमध्ये एक नवीन रकाना भरायला २०००० च्या वर. या जेवणावळीत तुम्ही इव्हेंटचे १७५६ वाचवताय! लग्नात पाचशे पानं उठवायची आणि आहेराची वही महाग पडते म्हणून आणायची नाही, यातला प्रकार.

एररचं म्हणाल तर लांबलचक इंग्रजी वाक्यं कॉन्ट्रॅक्टचा आकार फुगवतात, हे मान्य. आकाराला २४५७६ बाइटची मर्यादा आहे, हेही मान्य. म्हणून तर कस्टम एरर आल्या. तिची ओळख फक्त चार बाइटची. पुढे हवे ते आकडे. 'शिल्लक अपुरी: हवेत ५००, आहेत ३२०' एवढं सांगायला वाक्य लागतच नाही.

युनिस्वॅपच्या तिसऱ्या आवृत्तीत (२०२१) चुकांना दोन-तीन अक्षरी नावं आहेत. तिथला 'एसटीएफ' कितीतरी लोकांनी हताशपणे शोधला असेल. त्याचा अर्थ टोकन ओढून घेणं फसलं, म्हणजे बहुतेक वेळा परवानगी दिलेली नाही किंवा शिल्लक नाही. त्यांच्या बाजूने इतकं म्हणता येईल की तो कोड सॉलिडिटी ०.७.६ चा आहे, कस्टम एरर त्यात नव्हत्याच. पण आज नव्या कॉन्ट्रॅक्टमध्ये रिक्वायर लिहून कारणाची जागा कोरी सोडणाऱ्याला काय सबब आहे? समोरच्याला 'एक्झिक्युशन रिव्हर्टेड' एवढंच दिसतं. सरकारी खिडकीवर "नाही होणार" म्हणून शटर खाली ओढणारा कारकून आठवतो का? त्याला आपण जन्मभर शिव्या घातल्या आणि संधी मिळताच आपण तेच झालो.

गिळणारे

दुसरी जमात गिळणाऱ्यांची. ट्राय लिहायचं, कॅचचा कंस रिकामा ठेवायचा, आणि "सिस्टीम मजबूत केली" म्हणून सांगायचं.

इथे एक प्रामाणिक अडचण आहे, ती लपवत नाही. आमच्याच उदाहरणात सेंड फसल्यावर सरळ रिव्हर्ट केलं असतं, तर त्या एका बाईंच्या वॉलेटपायी सगळ्यांचेच पैसे अडकले असते. कुणी खोडसाळपणे पैसे नाकारणारं वॉलेट यादीत घुसवलं तर सगळ्यांचा पगार बंद! तेव्हा "फसलं की रिव्हर्ट" हा डोळे मिटून लावायचा मंत्र नाही.

पण मग करायचं काय हे वीसेक मिनिटं विचार केला तरी सुचतं. एक तर पैसे ढकलूच नका. ज्याच्या त्याच्या नावावर जमा दाखवा आणि ज्याने त्याने येऊन काढून न्यावेत. ढकलायचेच असतील तर फसलेल्याची रक्कम त्याच्या नावावर येणं म्हणून लिहा, आणि 'देता आले नाहीत' असा वेगळा इव्हेंट द्या.

आणि इथेच अनेक जण आपटतात. 'प्रयत्न फसला' असा इव्हेंट एमिट करतात आणि पुढच्याच ओळीत रिव्हर्ट करतात. अरे, रिव्हर्ट झालं की सगळं मागे जातं, तो इव्हेंटसुद्धा! आगीची बातमी लिहून तो कागद त्याच आगीत टाकण्यासारखं आहे हे. फसल्याची नोंद इव्हेंटमध्ये हवी असेल तर बाहेरचं ट्रॅन्झॅक्शन तगलं पाहिजे. नसेल तगत, तर एररनेच नीट बोललं पाहिजे. मधला रस्ता नाही.

टोकनचं तर विचारूच नका. ईआरसी-२० च्या मसुद्यात स्वच्छ लिहिलंय की ट्रान्स्फरचं उत्तर फॉल्स येऊ शकतं, आणि ते हाताळणं बोलावणाऱ्याला बंधनकारक आहे. काही टोकन रिव्हर्ट करतात, काही फॉल्स देतात, आणि इथेरियमवरचं यूएसडीटी तर उत्तरच देत नाही. म्हणून ओपनझेपेलिनची सेफ-ईआरसी-२० लायब्ररी आहे. ती वापरा. घरी स्वतःचं 'सेफ' बनवायला जाऊ नका. का, ते पुढच्या गोष्टीत.

आठ कोटी डॉलरची पावती

जानेवारी २०२२. क्युबिट फायनान्सचा एक ब्रिज होता. इथेरियमवर पैसे ठेवा, बायनान्स स्मार्ट चेनवर तेवढ्याच किमतीचं टोकन मिळवा. पलीकडच्या चेनला अलीकडचं दिसत नाही. ती फक्त इव्हेंट ऐकते. 'अमुकने इतके ठेवले' असा इव्हेंट आला की पलीकडे टोकन छापायचं.

पैसे ठेवायला दोन फंक्शन होती, एक इथरसाठी आणि एक टोकनसाठी. दोन्ही एकच इव्हेंट द्यायची. इथर हे टोकन नसल्यामुळे यादीत त्याचा पत्ता म्हणून शून्य पत्ता लिहिलेला. चोराने टोकनवाल्या फंक्शनला इथरची ओळख दिली. कोडने शून्य पत्त्याला जाऊन सांगितलं, "या माणसाकडून टोकन ओढून घे."

शून्य पत्त्यावर कोड नाही. आणि इथेरियमच्या मशीनचा नियम असा की जिथे कोडच नाही अशा पत्त्याला खालच्या पातळीवरून हाक मारली, तर उत्तर येतं 'यशस्वी'. रिकाम्या घरात हाक मारली, कुणी "नाही" म्हटलं नाही, म्हणजे होकार! ओपनझेपेलिनची लायब्ररी पलीकडे कोड आहे का ते बघते. क्युबिटच्या स्वतःच्या 'सेफ' फंक्शनमध्ये ती तपासणी नव्हती.

मग काय, एक पैसा न ठेवता पैसे ठेवल्याचा इव्हेंट आला. पलीकडे टोकन छापलं गेलं, आणि ते तारण ठेवून चोराने खरी मालमत्ता उचलली. सुमारे आठ कोटी डॉलर.

यात कुठेही पासवर्ड चोरीला गेला नाही, क्रिप्टोग्राफी तुटली नाही. एक एरर यायला हवी होती ती आली नाही, आणि जो इव्हेंट यायला नको होता तो आला. म्हणून म्हणतो, ही कोथिंबीर नाही.

मग मागणं काय?

उपदेश करायचा नाही असं ठरवून बसलो होतो, पण तो होतोच. :) तर आमच्या टीममध्ये आता हे नियम आहेत:

१. दुसऱ्याला हाक मारली तर त्याचं उत्तर बघायचंच. कंपायलरची वॉर्निंग आली तर बिल्ड फेल.

२. प्रत्येक नकाराला नाव आणि आकडे. रात्री दोन वाजता झोपेतून उठवलेल्या माणसाला ते वाचून कळलं पाहिजे.

३. 'झालं' असं सांगणारा इव्हेंट आणि ते काम, दोघांचं नशीब एक हवं. इव्हेंट आधीच्या ओळीत आहे की नंतरच्या, हा वाद नंतर घालू. काम फसलं तर इव्हेंटही मागे जातो का, एवढं आधी सांगा.

४. वेगळ्या वाटेने झालेल्या कामाला वेगळा इव्हेंट. एकाच पावतीवर दोन व्यवहार नकोत.

५. वाचायचा मजकूर इंडेक्स करायचा नाही. इंडेक्स केलेल्या स्ट्रिंगचा फक्त हॅश उरतो, मूळ मजकूर लॉगमधून मिळत नाही.

६. इव्हेंट ऐकणाऱ्या सर्व्हरने कॉन्ट्रॅक्टचा पत्ता तपासायचा, कारण हुबेहूब तसाच इव्हेंट कुणीही स्वतःच्या कॉन्ट्रॅक्टमधून देऊ शकतो. ब्लॉक फायनल होईपर्यंत (इथेरियमवर साधारण १३ मिनिटं) हिरवी खूण करायची नाही. आणि दिवसातून एकदा इव्हेंटची बेरीज खऱ्या शिल्लकीशी ताडून बघायची.

७. जितक्या टेस्ट 'चालतं' याच्या, तितक्याच 'चालू नये' याच्या. पैसे नाकारणारं एक वॉलेट टेस्टमध्ये कायम ठेवायचं. आमच्याकडे त्याचं नाव 'खडूस' आहे.

सहाव्या नियमातला शेवटचा भाग किराणा दुकानदार कुठलीही ब्लॉकचेन न शिकता रोज रात्री करतो. गल्ला मोजतो आणि वहीशी जुळवतो. आपण वहीला 'अपरिवर्तनीय' असं भारी नाव दिलं आणि गल्ला मोजायचं सोडून दिलं. वहीतलं कुणी खोडू शकत नाही, इतकंच ब्लॉकचेन सांगते. वहीत लिहिलेलं खरं आहे असं तिने कधीच म्हटलेलं नाही.

बाईंचं काय झालं? कॉन्ट्रॅक्टमध्ये मालकाला शिल्लक काढून घेण्याची सोय होती, हे आमचं नशीब. शनिवारी क्लायंटला गाठलं, पैसे काढले, बाईंना पाठवले, आणि या वेळी त्यांच्या वॉलेटची शिल्लक बघून मगच मेल केली. त्यांचं उत्तर आलं, पैसे मिळाले, धन्यवाद. दोन ओळी. तीच काय ती खरी पोचपावती.

असो. आमच्या पोराने परवा एका रिव्ह्यूमध्ये कुणालातरी विचारलं, "इव्हेंट आलाय ते ठीक आहे, पण पैसे गेले का?" मी काही बोललो नाही. खाली जाऊन त्याला कटिंग पाजला.